जॅक घ्यावा की मागावा

आमच्या घरात ट्रॅक्टर घ्यायचं ठरलं ते एका चहात. दादा म्हणाला, "घेऊन टाकू." वहिनींनी कपबश्या उचलल्या आणि बँकेत कागद करायला कोण जाणार एवढाच प्रश्न उरला. विहिरीवरची मोटर, दारातली म्हैस, पुतणीचं लग्न, हे सगळं असंच बोलता बोलता ठरलं. जॅकचं मात्र तसं झालं नाही. ट्रॅक्टर-ट्रॉलीसाठी एक दणकट हायड्रॉलिक जॅक घ्यावा की नको, यावरून एका गळीत हंगामात घरात जे दोन गट पडले, ते दुसऱ्या हंगामाच्या मोळी टाकायच्या कार्यक्रमाची पत्रिका आली तरी मिटले नव्हते.

कारण उघड आहे. ट्रॅक्टर रोज लागतो, त्यामुळं त्याचा हिशेब मांडता येतो. जॅक एरवी लागतच नाही. लागतो तो एकदम, रात्री, उसानं भरलेली ट्रॉली कारखान्याच्या अलीकडं रस्त्याच्या कडेला एका अंगावर कललेली असताना. त्या वेळी त्याच्या जागी दुसरं काहीही चालत नाही. पहार चालत नाही, चार गडी चालत नाहीत, ओळख चालत नाही. त्या घटकेला कुणी जॅक घेऊन उगवला आणि बदल्यात बांधावरचा आंबा मागितला, तरी आपण हो म्हणून बसू. चाक बदलून झालं की तीच वस्तू परत अडगळ. मग तिची किंमत नेमकी कधी ठरवायची? रात्री दोनला जॅकच्या बाजूनं घरातलं पोरगंसुद्धा मत देईल. पण घरातले खर्च ठरतात सकाळी दहाला, पोटभर न्याहारी झाल्यावर.

"आप्पांचा आहे की," हा आमच्या हिचा मुद्दा. दुधाच्या डेअरीची वही तिच्याकडं असते, त्यामुळं घरात पैसा कुठून येतो आणि कुठं झिरपतो हे तिला तोंडपाठ आहे. वर्षाकाठी चारदोनदा लागणाऱ्या वस्तूत एवढे हजार घालायचे आणि तीही शेजारी फुकट मिळत असताना, हे तिच्या वहीत बसत नव्हतं. मुद्दा बिनतोड होता. मात्र जॅक मागायला दर वेळी मी जात होतो, ती नव्हे.

आप्पा आमच्या पलीकडच्या घरातले. एके काळी त्यांचा ट्रक होता. गूळ आणि पेंड वाहायचा. ट्रक विकला, जॅक ठेवला. वीस टनांचा, पूर्वी तांबडा असावा असं वाटणारा. गोणपाटात गुंडाळून, उभा, आप्पांच्या पलंगाखाली. गावातली निम्मी पंक्चर त्यावर निघतात. पण "आप्पा, जॅक द्या" असं दारातून ओरडणारा माणूस आमच्या गावात अजून जन्मायचाय. आधी सोप्यात टेकायचं. पावसाचं काढायचं. मग उसाचा उतारा, मग एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा दर, मग ती एकरकमी मिळणार की तुकड्यातुकड्यानं. तोवर चहा येतो. इकडं ट्रॉली वाटेत झुकून उभी आहे, ड्रायव्हर तिच्या सावलीत तंबाखू मळतोय, हे आपल्या डोळ्यांपुढून हलत नाही. तरी चहा बशीत ओतून सावकाश प्यायचा. मग आप्पाच विचारतात, "काय मास्तर, पंक्चर?" त्यांना ते आपण फाटक ढकललं तेव्हापासून ठाऊक असतं.

जॅक हातात देताना सूचना येतात. आडवा न्यायचा न्हाई. खालचा नट हातानं आवळायचा, पान्याला जोर द्यायचा न्हाई. तेल कमी वाटलं तर ब्रेकचं तेल वतायचं न्हाई, सील खातंय ते. परत देताना पिस्टन पूर्ण खाली बसवून, पुसून द्यायचा. आप्पा तो घेतात, बुडाशी बोट फिरवतात आणि ते बोट नाकाशी नेतात. गळलेलं दिसलं तर बोलत नाहीत. ते न बोलणं पुढच्या खेपेला चहाबरोबर येतं.

दिवसा हे सगळं निभतं. रात्री आप्पांच्या दाराची कडी वाजवायची म्हणजे आधी कुत्रं उठतं, मग त्यांचा खोकला, मग सूनबाई, मग दिवा. जॅक मिळतो, पण दुसऱ्या दिवशी सूनबाई नळावर भेटल्या की आपली नजर घागरीवर. याच एका मुद्द्यावर मी दादाच्या गटात गेलो. घ्यायचा म्हणजे घ्यायचा.

घ्यायचा म्हटलं तरी कोणता, यावर दादाच्या गटातही एकमत नव्हतं. दादाला हवा होता जुन्या धाटणीचा स्क्रूचा जॅक. त्याचं म्हणणं असं: तेल नाही म्हणजे गळती नाही, सील नाही म्हणजे सील जायचं नाही, आणि आट्यांना ग्रीस लावलं की नातवंडांपर्यंत चालतो. यात खोटं काही नाही. स्क्रूच्या जॅकला आणखी एक गुण आहे. आटे बारीक उताराचे असले की वरचं ओझं कितीही रेटलं तरी स्क्रू आपोआप उलटा फिरत नाही. जिथवर चढवला तिथंच राहतो. हायड्रॉलिकची तशी खात्री नसते. पण स्क्रूमध्ये आपली निम्म्याहून जास्त ताकद आट्यांच्या घासण्यातच जाते. पंचविशीतल्या ड्रायव्हरला ते चालेल. दादाचं वय आणि त्याची कंबर पाहता, त्याच्या मुद्द्याला मान देऊन आम्ही तो बाजूला ठेवला.

पुतण्यानं मोबाइलवर तिसराच प्रकार काढला. अमेरिकेतल्या शेतकऱ्यांचा चार फुटी उभ्या दांडीचा जॅक, इंडियाना राज्यात १९०५ पासून बनत आलेला. दांडीला ओळीनं भोकं, त्यांत खिट्ट्या आळीपाळीनं अडकत जबडा एकेक पायरी वर चढतो. त्यानं गाडी उचलता येते, कुंपणाचा खांब उपटता येतो, रुतलेलं वाहन ओढताही येतं. पोराचे डोळे चमकत होते. आमच्या मेस्त्रीनं तो व्हिडिओ शांतपणे शेवटपर्यंत पाहिला आणि विचारलं, "उतरवताना दांडा सुटला तर कुठं लागतो?" पोरानं मोबाइल मागं घेतला. त्या जॅकचा दांडा ओझ्याखाली निसटला की हनुवटीच्याच वाटेनं येतो, हे मेस्त्रीला न वापरता कळलं होतं.

शेवटी मी कोल्हापूरला उद्यमनगरात गेलो. तिथं गेलं की आपण जन्मभर काय करत होतो असं वाटायला लागतं. लेथची घरघर, ओतकामाच्या वासाचा धूर, पत्र्याच्या कातरणांचे ढीग, आणि प्रत्येक दुकानदाराला आपल्या ट्रॉलीचा एक्सल आपल्याहून जास्त माहीत. दुकानदारानं विचारलं, "किती टनांत दाखवू?" फळीवर उंचीप्रमाणं उभे होते: ३, ५, १०, २०, ३२, ५०. असं मांडून ठेवलं की माणसाचा हात आपोआप उजवीकडं सरकतो. "पन्नास टन" हा उच्चारच असा आहे की तोंड भरून जातं. गावात सांगायलाही बरा.

खरं म्हणजे हिशेब फळीपुढं उभं राहूनही होण्याजोगा होता. ट्रॅक्टरचं वजन दोन टनांच्या आसपास. ट्रॉलीत दहा टन ऊस धरला आणि ट्रॉलीचे स्वतःचे दोन टन, तर झाले बारा. पण जॅक सगळी ट्रॉली उचलत नाही, एक चाक उचलतो. चार चाकांत वाटले तर चाकाला तीन टन. रस्त्याला उतार, ऊस एका बाजूला सरकलेला, असं सगळं धरून चार म्हणा, पाच म्हणा. दहा टनांचा जॅक त्यात दुप्पट पुरतो. हे मला येत होतं. मी तरीही वीस टनांचा हातात घेऊन त्याच्या वजनानं खूश होत होतो. तो दहा किलोच्या घरात भरतो, आणि जड वस्तूला दिलेले पैसे वाया गेल्यासारखे वाटत नाहीत.

शाळेत मी वर्षानुवर्षं पास्कलचा नियम शिकवला. बंद भांड्यातल्या द्रवावर दिलेला दाब सगळीकडं सारखा पसरतो. आकृती काढा, दोन गुण. त्या दोन गुणांत काय माल भरला आहे हे जॅकचा दांडा हातात धरल्यावर कळतं. समजा पंपाचा बारीक दट्ट्या १० मिलिमीटर व्यासाचा आणि वर येणारा जाड पिस्टन ४० मिलिमीटरचा. व्यास चौपट, म्हणजे क्षेत्रफळ सोळापट. दांड्याच्या तरफेनं आपला जोर आधीच वीसपट झालेला. वीस गुणिले सोळा, तीनशे वीस. माणसानं ३० किलोचा जोर दिला तर वर साडेनऊ टनांच्या पुढं जातो. घासण्यात जाईल तेवढा वजा करा. फुकट मात्र काही मिळत नाही. दट्ट्या दोन सेंटिमीटर खाली गेला की पिस्टन सव्वा मिलिमीटर वर येतो. ट्रॉली दहा सेंटिमीटर उचलायची तर दांडा ऐंशी वेळा खालीवर. जोर जॅक देतो, वेळ आपण द्यायचा, असा तो व्यवहार आहे.

या सावकाशीची एक जुनी गोष्ट मला फार आवडते. ब्रुनेल या इंग्रज इंजिनिअरचं 'ग्रेट ईस्टर्न' नावाचं अवाढव्य लोखंडी जहाज १८५७ च्या नोव्हेंबरात थेम्स नदीत उतरवायचं होतं. लांबी जवळजवळ सातशे फूट. म्हणून ते आडवं, उतारावरून सरकवत न्यायचं ठरलं. बघ्यांची जत्रा भरली, जहाज थोडं हललं आणि बसलं. मग देशातून मिळतील तेवढे हायड्रॉलिक जॅक गोळा झाले. बर्मिंगहॅमच्या टँगी बंधूंचे त्यांत होते. त्यांनी ते जहाज हिवाळाभर रेटत, कधी बोटभर तर कधी हातभर सरकवत, ३१ जानेवारी १८५८ ला पाण्यात घातलं. जहाज तरलं आणि टँगींच्या लहानशा कारखान्याचंही भाग्य तरलं. पुढं १८७० मध्ये याच जहाजानं मुंबई ते एडन अशी समुद्राखालून तारेची केबल टाकली. आमच्या ट्रॉलीचा ड्रायव्हर अर्ध्या तासात चाक बदललं नाही तर कारखान्यातला नंबर गेला म्हणून कपाळ बडवतो, त्याला मी ही गोष्ट एकदा रस्त्याच्या कडेला सांगायला घेतली होती. त्यानं बॅटरी माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "सर, जरा इकडं धरा."

दुकानदार भला होता. पन्नास टनांचा गळ्यात मारायची संधी समोर उभी असताना त्यानं विचारलं, "चाक बसल्यावर एक्सलखाली किती जागा राहते?"

हे आमच्या दोन्ही गटांतल्या कुणालाच सुचलं नव्हतं. आम्ही सगळे टनांवर भांडत होतो. जॅक काहीही न विकता त्यानं मला परत पाठवलं.

त्या संध्याकाळी रिकाम्या ट्रॉलीच्या चाकाची हवा आम्ही आपल्या हातानं सोडली. दादा खाली वाकून बघतोय, पुतण्या टेप धरतोय, वहिनी दारात, आणि रस्त्यानं जाणारा प्रत्येक जण थांबून विचारतोय, "पंक्चर काय?" "नाही, सोडलीय." असं म्हटल्यावर माणसं काही न बोलता पुढं जात. फरशीवर चाक पूर्ण बसलं तेव्हा एक्सलखाली वीतभर जागा राहिली आणि वर दोन बोटं. दहा टनांचा जॅक मिटलेला असताना वितीत बसतो. वीस टनांचा त्याहून बोटभर उंच, म्हणजे घासून गेला तर गेला. पन्नास टनांचा बाद. तो पन्नास टन उचलेल यात शंका नाही, पण त्याला आत सारण्यासाठी आधी कुणीतरी ट्रॉली चार बोटं उचलून धरायला हवी.

आणि हे सगळं फरशीवर. ट्रॉली फरशीवर पंक्चर होत नसते. ती होते पाणंदीत किंवा उसाच्या फडातून बाहेर पडताना, नदीकाठच्या काळ्या रानात. ही माती उन्हाळ्यात एवढी भेगाळते की भेगेत हात जातो आणि पाणी पिऊन फुगली की लोण्याची लाज राखत नाही. अशा जागी चाक बसलं की एक्सलखाली वीत तर सोडाच, मूठही राहत नाही. खुरप्यानं माती काढून जागा करायची. जागा झाली की जॅक ठेवायचा. जॅकचं बूड तळहाताएवढं. तीन टनांचा भार त्या तळहातावर आला म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला वीस किलोच्या आसपास. ओली काळी माती एवढं ओझं घ्यायला बांधील नाही. मग दांडा चालू आहे, पिस्टन वर येतोय, मोजून ऐंशी झाले, आणि ट्रॉली आहे तिथंच. कारण जॅक तेवढाच खाली चाललाय. बघणाऱ्याला वाटतं काम जोरात आहे. आर्किमिडीजनं पृथ्वी हलवून दाखवायची तयारी दाखवली तेव्हा आधी उभं राहायला जागा मागून घेतली होती. लोक तरफेचं कौतुक करतात; मला ती अट घालणारा माणूस शहाणा वाटतो. त्यानं कधीतरी चिखलात काहीतरी उचलून पाहिलेलं असणार.

यावर इलाज म्हणजे फळी. दीड फूट लांब, दीड फूट रुंद, बाभळीची किंवा रेल्वेच्या जुन्या स्लीपरातली. तिच्यावर जॅक ठेवला की तोच भार पसरून चौरस सेंटिमीटरला दीड किलोवर येतो आणि माती ऐकून घेते. पण फळी दोन-तीन बोटं जाड, म्हणजे खड्डा तेवढा आणखी खोल. आम्ही टनांवरून वर्ष घालवलं, आणि ज्यावर सगळं अडत होतं ती फळी आमच्या गोठ्याच्या मागं, कोंबड्यांच्या खुराड्यावर पडून होती.

मेस्त्रीचं म्हणणं वेगळंच होतं. तो म्हणाला, जॅक कोणताही घ्या, जोडीला घोडी घ्या. घोडी म्हणजे तीन पायांचं लोखंडी स्टँड, पाहिजे त्या उंचीला खीळ घालून उभं करायचं. "जॅक उचलतो. धरून ठिवायचं काम त्याचं न्हाई." याचं कारण समजण्यासाठी जॅक उघडून बघावा लागतो, आणि मेस्त्रीनं एक जुना माझ्यासमोर उघडलाही. आत दोन छर्रे. एक तेल आत घेताना उघडतो, दुसरा दाबलेलं तेल परत येऊ देत नाही. सगळं ओझं त्या छर्‍याच्या बसण्यावर. त्याच्याखाली धुळीचा एक कण आला की तेल हळूहळू मागं झिरपतं आणि वर उचललेली ट्रॉली कुणाला न विचारता खाली यायला लागते. सील फाटलं तर हळूहळू नाही, एकदम. मेस्त्रीच्या डाव्या हाताची करंगळी सरळ होत नाही. ती कशानं, हे विचारायची मला गरज वाटली नाही.

सीलवरून आठवलं. द्रवाच्या दाबानं ओझं उचलायचं यंत्र १७९५ मध्ये पेटंट केलं ते जोसेफ ब्रामा या इंग्रजानं. हा मूळचा सुतार. त्यानं आधी सुधारलेले संडास बनवले, मग कुलपं बनवली, आणि कुलूप उघडून दाखवणाऱ्याला दोनशे गिनी अशी पाटी त्याच्या दुकानाच्या खिडकीत लागली. ते कुलूप १८५१ पर्यंत कुणाला उघडलं नाही. तोवर ब्रामा जाऊन सदतीस वर्षं झाली होती. असा हा कसबी माणूस, पण दाबाच्या यंत्रात त्याचं घोडं अडलं ते गळतीपाशीच. पिस्टन सैल ठेवला तर पाणी बाहेर, घट्ट केला तर हलेना. त्याच्याकडं काम करणाऱ्या हेन्री मॉडस्लेनं तोडगा काढला असं सांगतात: चामड्याचं वाटीच्या आकाराचं वायसर, आत दाब वाढला की त्याच्या कडा फुगून भिंतीला आणखी घट्ट चिकटणारं. आपल्या आयांनी पितळी स्टोच्या पंपातलं चामड्याचं वायसर गोडं तेल लावून फुगवलं, तेव्हा त्या मॉडस्लेचंच काम पुढं चालवत होत्या. आता जॅकमध्ये चामड्याच्या जागी रबर आलं. आप्पांचं बुडाशी बोट फिरवणं मात्र तिथंच आहे.

आता एवढं सगळं कळल्यावर घेऊन टाकायला हरकत नव्हती. तरी महिना गेला. आमचा भागच नव्या लोखंडाला पटकन हो म्हणणारा नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला तेव्हा लोखंडानं जमीन नासते म्हणून शेतकरी त्याला हात लावत नव्हते, आणि १९१० मध्ये त्यांची किर्लोस्करवाडी वसली ती आमच्याच सांगली जिल्ह्याच्या मातीत. त्या मानानं एका जॅकला दीड हंगाम म्हणजे आम्ही चपळच.

निकाल लावला तो हिनं. एका रात्री ड्रायव्हरचा फोन आला, मी चप्पल शोधायला लागलो, आणि ती अंथरुणातूनच म्हणाली, "अहो, उद्या जाऊन घेऊन या तो काय तो. सूनबाई परवा मला नळावर म्हणाल्या, मास्तरांची झोप बरी आहे ना?" दुधाच्या वहीत तिनं तो खर्च 'किरकोळ' या सदरात टाकला. दहा टनांचा, बुटक्या बांध्याचा, वर हातानं फिरवून उंची वाढवता येणारा स्क्रू असलेला. जोडीला दोन घोड्या. वीस टनांवरून मी शेवटचा हात फिरवला. दुकानदारानं ओळखलं, पण बोलला नाही.

घरी आल्यावर जॅकवर नाव घालायचं निघालं. भांड्यांवर घालतो तसं घालायचं तर कुणाचं? दादाचं घातलं तर माझ्या पैशांचं काय, माझं घातलं तर ट्रॅक्टर कुणाच्या नावावर आहे. शेवटी पुतण्यानं पिवळ्या रंगानं नुसतं आडनाव काढलं. आमच्या गल्लीत त्या आडनावाची नऊ घरं आहेत.

बातमी आप्पांना आम्ही सांगायच्या आधी पोचली होती. दिवेलागणीला ते आले. आमच्या सोप्यात टेकले. पावसाचं काढलं. मग उतारा, मग एफआरपी. चहा आला, तो त्यांनी बशीत ओतून सावकाश प्यायला. मी वाट बघत होतो.

"बघू," ते म्हणाले.

मी जॅक आणून पुढ्यात ठेवला. आप्पांनी दांडा घालून पिस्टन वर घेतला, नट सोडून खाली बसवला, पुन्हा वर घेतला. बुडाशी बोट फिरवलं, नाकाशी नेलं. नवीन रंगाचा वास आला असावा, कारण तोंड वाकडं झालं.

"धाच टनांचा?"

मी एक्सलची वीत, चाकाचे तीन टन, सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"ठिवणार कुठं?"

"गोठ्याच्या खोलीत."

"गोठ्यात? शेणामुताच्या वाफंनं पिस्टन गंजून जाईल की." त्यांनी इकडंतिकडं बघितलं, उंबऱ्यापाशी पडलेलं गोणपाट ओढलं आणि जॅक त्यात व्यवस्थित, उभाच, गुंडाळला. "माझ्याकडं पलंगाखाली कोरडी जागा हाय. लागला की या."

मी हिच्याकडं पाहिलं. ती कपबश्या गोळा करत होती.

तेव्हापासून आप्पांच्या पलंगाखाली दोन जॅक आहेत. घोड्या तेवढ्या आमच्याकडं राहिल्या, कारण त्या पलंगाखाली मावत नाहीत. परवा आमचा जॅक वरच्या आळीतल्या कुणाच्या तरी ट्रॉलीखाली लागलेला ड्रायव्हरनं पाहिला. मी आप्पांकडं गेलो, टेकलो, चहा झाला, आणि शक्य तितक्या सहज आवाजात विचारलं.

"तुमचाच दिला," आप्पा म्हणाले. "नवा हाय न्हवं? माझा जुना झालाय, त्यो कशाला झिजवायचा."